वालाच्या दाण्यांचा कौल

"नऊ!"

सगळा पाडा एका आवाजात ओरडला आणि कुसाबाईच्या पाठीवर पुन्हा काठ्या पडल्या. तिचा डावा हात कोपराखाली केव्हाच मोडला होता. तोंडातलं रक्त मातीत मिसळत होतं.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावाच्या पलीकडे, दोन डोंगर ओलांडून असलेला हा पाडा. १९९६ साली, भात निसवून लोंब्या धरायच्या दिवसांत, इथं जुलाबानं तीन पोरं दगावली. शेवटचं पोर धनराजचं. त्यांना कोणत्या डाकिणीनं खाल्लं, हे देवीला विचारायला भिका भगत बसला होता.

"लबाडी नाय, लपवाछपवी नाय!" भिका घुमत होता. "कोनी बी या, मूठभर वाल उचला! आई आकड्यात बोलते!"

पाड्यातल्या अंबूबाईनं मूठ भरली. त्रेचाळीस दाणे निघाले. "चार आईला, तीन पितरांना!" म्हणत भिकानं सात दाणे बाजूला फेकले. उरले छत्तीस. "तीन आन् सहा?"

"नऊ!"

आलेला आकडा म्हणजे डाकिणीचं घर, आणि वाघदेवाच्या दगडापासून नववं घर कुसाबाईचं. तिघांनी तीन मुठी काढल्या, तिन्ही वेळा नऊच आलं आणि तिन्ही वेळा काठ्या चालल्या.

"आजून एक डाव नऊ आलं," भिका गरजला, "तर धोंडे घाला हिच्या डोक्यात!"

शाळेतली शिक्षिका सविता गर्दीत घुसली. कुणीतरी तिला ढकललं, खांद्यावर काठी लागली. "बाई, मधी पडू नका. लय वंगाळ व्हईल!"

सविता नाशिकची, बी.एस्सी. झालेली. रविवारच्या पुरवणीतल्या अंकमालिका सोडवायचा तिला नाद होता. 'पुढचा आकडा कोणता?' हा खेळ ती पोरांशीही खेळायची. धावत येताना तिन्ही मोजण्या तिच्या कानावर पडल्या होत्या. मुठी वेगळ्या आणि उत्तर एकच, म्हणजे इथं नियम असणार. ती मनात आकडे मांडत गेली आणि तिला तो दिसला.

"चौथी मूठ धनराज काढेल," ती ओरडली. "आणि उत्तर मी आधीच लिहिते."

कोळशानं तिनं दगडावर भला मोठा ९ काढला. धनराजच्या मुठीत अठ्ठावन्न दाणे निघाले. पाच आणि आठ, तेरा काढले. उरले पंचेचाळीस. चार आणि पाच...

सगळ्यांच्या नजरा दगडावरच्या ९ कडे वळल्या.

"बाईच्या बी अंगात आलं!" भिका म्हणाला.

"माझ्या अंगात काही नाही. अठ्ठावन्न म्हणजे पाच दहा आणि आठ सुटे. सुटे आठ काढले, पाच दहा उरले. मग पाच काढले, म्हणजे प्रत्येक दहातून एकेक गेला. उरले पाच वेळा नऊ. पोरं शाळेत म्हणतात तो नवाचा पाढा! सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस. आकड्यांची बेरीज करा, नऊच येणार. कुणीही मूठ भरा, दहा ते नव्याण्णव कितीही दाणे निघू द्या."

"मंग घर?" अंबूबाईनं विचारलं.

"मोजायचं कुठून, ते हा ठरवतो. गेल्या साली सावित्रीबाईला डाकीण म्हणून हाकललंत, तेव्हा विहिरीपासून मोजलं होतं. आज शाळेपासून मोजा."

धनराज मोजत निघाला. सात, आठ... नवव्या दारात थांबला. ते त्याचंच घर. दारात त्याची आई, वत्सलाबाई, नातवाचं अंगडं छातीशी धरून उभी होती.

"का थांबलास?" सविता म्हणाली. "नऊ तर आलं ना? मार!"

"बाई, माझी माय हाय ती!"

धनराज वळला आणि त्यानं काठी भिकाच्या कपाळावर हाणली. रक्ताची धार लागली. बाकीच्यांनीही काठ्या उचलल्या. सविता मध्ये उभी राहिली.

"बास! याचं काय ते पोलीस बघतील. आधी कुसाबाईला दवाखान्यात न्या."

झोळी करून त्यांनी तिला पेठला नेलं. ती वाचली, पण हात वाकडाच राहिला. डॉक्टरांनी पाड्यावर येऊन पिण्याच्या पाण्याचा झिरा पाहिला. वरच्या गोठ्यांची घाण त्यात उतरत होती. पाणी उकळायला लागल्यावर जुलाब थांबले.

गेलेली पोरं परत आली नाहीत. पोराच्या पहिल्या जुलाबाला पाणी उकळलं असतं, दवाखाना गाठला असता, तर काठी उचलायची वेळच आली नसती. कुणी चमत्कार दाखवला तर भिऊ नका. मोजणी दुसऱ्या टोकापासून करून बघा.