पूजेला बसलेला सर्व्हर

टीनाने सानगडीतल्या आपल्या घराच्या ओसरीत बसून एंटर दाबलं आणि लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतली पांढरी रेघ लुकलुकत राहिली. लुकलुकतच राहिली! साकोलीकडून उत्तर म्हणून नाही.

"काय झालं वं?" धुरपता आत्याने मान लांब केली. "तुझी साकोली झोपली का?"

आत्या म्हणजे टीनाच्या बाबांची मोठी बहीण, लाखनीला दिलेली. दसऱ्याला माहेरी आली होती, पण जीव सगळा एका धानात अडकलेला. हिरानक्की! तिच्या आईच्या वेळचं धान, भात गार झाला तरी मऊ राहायचा म्हणे. ते बियाणं घरातून कधीचंच गेलं होतं. आता कापणी तोंडावर आलेली. कोणाच्या शेतातल्या बांधीत ते उभं असलंच, तरी एकदा मळणीत दुसऱ्या धानात मिसळलं की शुद्ध बियाणं संपलं. आजच शोधायचं, आजच सांगून एक कोपरा राखून ठेवायचा, नाहीतर गेलं ते गेलंच.

आणि ते शोधता येत होतं! रोवणीच्या वेळी टीनाने शाळेच्या प्रकल्पासाठी बचतगटाच्या बायांसोबत गावोगाव फिरून कोणी कोणतं धान लावलं ते विचारलं होतं. ती सगळी माहिती साकोलीच्या भय्याजींच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या सर्व्हरवर, एका डेटाबेसमध्ये होती. भय्याजींनीच तिला कमांड शिकवल्या, कोपऱ्यातली खुर्ची दिली, वर चहासुद्धा. आजवर ती तिथेच बसून काम करायची. घरून, जुन्या लॅपटॉपला मोबाइलचं नेट जोडून त्या सर्व्हरपर्यंत पोचायची ही पहिलीच वेळ. त्यात आत्यासमोर तिने ऐटीत सांगून टाकलेलं, "तू चहा पी, तोवर नाव सांगते!"

चहा केव्हाचा संपला होता.

शेवटी खिडकीत ओळ उमटली: जोडणी झाली नाही. टीनाने पत्ता पाहिला, बरोबर. पोर्ट बरोबर. नेट चालू. मग तिने सरळ फोन लावला.

"भय्याजी, सर्व्हर उत्तरच देऊन नाही राहिला!"

"कसा देईल बेटा? पूजेले बसला आहे ना तो."

टीनाने कपाळावर हात मारला. अरे हो की! काल नवमी. भय्याजींच्या आईने, निर्मलाबाईंनी, दुकानातली कात्री, स्टेपलर, झेरॉक्स मशीन आणि सर्व्हर, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले असणार. पूजेला बसवलेल्या हत्याराला सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. सोनं वाटायचं संध्याकाळी, आणि आत्याची बस दुपारची.

"मायले विचारून पाह्य तूच," भय्याजी म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

टीनाने एका दमात सगळं सांगितलं.

"हिरानक्की म्हणते का?" निर्मलाबाईंचा आवाज आला. "अवं, हत्यार पूजतो तेच मुळी कामासाठी. आणि आज तर वेस ओलांडायचा दिवस. होऊ दे त्याचं सीमोल्लंघन! भय्या, हार काढू नको. तसंच बटन दाब."

सर्व्हर जागा झाला. टीनाने पुन्हा कमांड दिली. यावेळी पासवर्ड विचारला! ती भराभर टाइप करू लागली.

"काही लिहून राहिली का नुसती बोटं नाचवून राहिली?" आत्या पडद्याला नाक लावून म्हणाली. "एक अक्षर दिसत नाही."

"पासवर्ड आहे तो आत्या. दिसला तर पासवर्ड कायचा?"

पण एंटर दाबताच सर्व्हरने तोंडावर सांगितलं: या पत्त्यावरून येणाऱ्याला परवानगी नाही.

टीना हसत सुटली. "माहीच चूक! खातं बनवलं ते त्याच मशीनपुरतं. तिथं बसली तर मी घरची, बाहेरून आली की तो मले ओळखत नाही."

"माह्या सासरच्यासारखाच आहे मग," आत्या म्हणाली.

फोन चालूच होता. "मी इथूनच पाहून नाव सांगू का?" भय्याजींनी विचारलं. "का तू सांगते आणि मी लिहितो?"

टीना सरसावून बसली. ज्यांनी एंटर कुठे दाबायचं ते शिकवलं, ते आज म्हणत होते, तू सांग!

"मी सांगते. नाव टीना. पत्ता माह्या नेटचा, आता पाठवते तो. धानाच्या तक्त्यापुरतीच परवानगी, आणि फक्त वाचायची."

"फक्त वाचायची काहून?"

"तुम्हीच तर शिकवलं, माणूस जाईल एवढंच दार उघडायचं."

पलीकडून फक्त हसू आलं, आणि कीबोर्डचा खडखडाट.

तिसऱ्यांदा एंटर. आणि आत! सानगडीच्या ओसरीतून थेट साकोलीच्या झेंडूच्या हाराखाली! टीना ओरडलीच. तिने हिरानक्की विचारलं आणि एकच ओळ आली: सीताबाई, लाखनी.

आत्याचा चेहरा पडला. "सीती? माही शेजारीण? तिच्या बकरीनं माह्या शेताच्या धुऱ्यावरची तूर खाल्ली तेव्हापासून बोलत नाही मी तिच्याशी!"

"आत्या, आज दसरा आहे."

आत्याने पडद्यावरच्या नावाला नाक मुरडलं. मग उठली, देवापुढची आपट्याची पानं घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. "चल, बस चुकंल."

टीना तिच्यासोबतच निघाली आणि साकोलीला उतरली. संध्याकाळी सोनं वाटायच्या वेळी दुकानात तिने आधी निर्मलाबाईंना सोनं दिलं, मग भय्याजींना, आणि दोघांच्या पाया पडली. म्हणाली, "तुमच्यामुळे झालं."

तेवढ्यात फोन वाजला. "कोपरा राखते म्हणाली सीती!" आत्या दणदणीत आवाजात सांगत होती. "गळ्यात पडून रडली बाई. बकरीचं मात्र अजून कबूल नाही करत! भय्याजीले सांग, पहिले तांदूळ त्यांच्या घरी."

"आणि त्याले काय?" निर्मलाबाईंनी सर्व्हरकडे बोट दाखवलं.

हाराखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. टीनाने उरलेलं एक पान अलगद त्याच्या डोक्यावर ठेवलं.