चिकटवलेलं यंत्र

जपानचे मोरिकावासान जर्मनीत, एश्बॉर्नच्या ऑफिसात येणार म्हटल्यावर ऋचाची भूकच मेली. लहानपणी पुण्यात चुलतभावाशी भांडून ती ज्या गेमयंत्रावर खेळली, ते याच माणसाने बनवलेलं. सोल्डरिंगच्या टेबलावरून थेट उपाध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोचलेला माणूस! चाळीस वर्षं, सात यंत्रं. आता निवृत्तीनंतर ते सल्लागार म्हणून ऋचाने बनवलेलं पहिलंवहिलं गेमयंत्र तपासणार होते. मंजुरी मिळाली तर सोमवारी फॅक्टरी सुरू, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

आले ते एस-बानने, म्हणजे साध्या लोकलने, पाठीला सॅक लावून. यंत्र त्यांनी सुरूच केलं नाही. उलटं करून नुसता अंगठा फिरवला.

“उघडायचं कसं?”

“उघडायचंच नाही. चिकटवलंय, म्हणून तर इतकं पातळ झालं. बिघडलं तर नवीन देऊ,” ऋचा जरा तोऱ्यातच म्हणाली.

“माझं पहिलं मीही चिकटवलं होतं. बटणं अडकायला लागली, चार हजार परत आली. नवीन देतो म्हटलं, तर मुलांच्या चिठ्ठ्या आल्या. नवीन नको, आमचा अर्धा झालेला खेळ त्यात साठवलेला आहे. मग एकेक कापून उघडलं. एकशे बारा माझ्या हातून मोडली. त्या एकशे बारा मुलांना मी पत्रं लिहिली.”

एवढ्या मोठ्या माणसाला तो आकडा अजून पाठ होता! ऋचाला भरून आलं, आणि स्वतःच्या तोऱ्याची लाजही वाटली.

तिचा मॅनेजर भास्कर मराठीत कुजबुजला, “अगं, बघत काय बसलीस? त्यांच्याकडून हो म्हणवून घे. फॅक्टरी बुक आहे!”

मोरिकावांनी मंजुरीचा कागद तिच्यापुढे सरकवला. “मी नाही म्हणणार नाही. यंत्र तुमचं आहे, सहीही तुमचीच हवी.”

“आल्झो, चला, सुटलो! कर सही,” भास्कर म्हणाला.

ऋचाने पेन उचललं. मग तिने ते खाली ठेवलं.

“भास्कर, सोमवार रद्द. मला स्क्रू बसवायचेत. जाड झालं तरी चालेल.”

“वेड लागलंय का? वरचे प्रोजेक्टच बंद करतील!”

“करू देत.”

भास्कर तणतणत फोन करायला बाहेर गेला. मोरिकावांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. कोट काढून त्याची नीट घडी केली आणि खुर्ची ओढून ते ऋचाच्या शेजारी बसले. ज्यांच्यासाठी अख्खी कंपनी उठून उभी राहायची, त्यांनी कोरा कागद पुढे घेतला.

“चार स्क्रू पुरतील की सहा?” त्यांनी विचारलं, आणि तिच्या उत्तरासाठी थांबले.