मला डोक्यावर घेऊन तो पाण्यातून चालला

मी एक जुना टीव्ही आहे मित्रांनो, एकवीस इंची, पाठीला मोठं कुबड असलेला. आजकालचे टीव्ही पापडासारखे भिंतीला चिकटून बसतात. मला उचलायला दोन माणसं लागायची. एकदाच एका माणसाने मला एकट्याने उचललं. त्याच्यासाठी मी आज तोंड उघडलं आहे. माझी स्वतःची गोष्ट म्हणाल तर एवढीशी आहे.

एका कारखान्यात बायका रांगेने बसून तारा जोडत, तिथे मी तयार झालो. रेल्वेतून रिटायर झालेल्या अप्पाजींनी मला अण्णा नगरच्या दुकानातून घेतलं. वेलचेरीपर्यंतच्या वाटेत ऑटोच्या मागच्या सीटवर मी बसलो आणि अप्पाजी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे लोंबत आले. असा माझा मान! घर तंजावरच्या मराठी माणसांचं होतं. दाराबाहेर तमिळ, दाराच्या आत मराठी. अप्पाजींच्या बायकोने, कनकाने, मला कुंकू लावलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघ, माझ्या घरात उगाच आरडाओरडा चालायचा नाही."

दोन वर्षांनी अप्पाजी गेले. घरात कनका, तिचा मुलगा वादिराज आणि सून कृष्णवेणी राहिली. पुढे भव्या जन्मली.

वादिराज दिवसा एका छापखान्यात प्रूफं तपासायचा. सन दोन हजारमध्ये आमच्या भागातल्या केबलवाल्याने स्वतःची बातम्यांची वाहिनी काढली. परोट्याच्या हॉटेलावर एक खोली, मागे निळा पडदा, एक कॅमेरा, बस्स. वादिराजचं तमिळ चोख, म्हणून त्याला बसवलं. रोज संध्याकाळी सात वाजता तो माझ्या काचेत यायचा.

मोठमोठ्या वाहिन्या दिल्ली सांगत. हा आमची गल्ली सांगायचा. पाण्याची लॉरी उद्या कुठल्या रस्त्याला येणार, वीज किती वाजता जाणार, कोणाची म्हैस हरवली, कोण वारलं. लोक भाजी चिरता चिरता हात थांबवून ऐकत. शेअर ऑटोवाले त्याच्याकडून भाडं घेत नसत.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. त्याला बातम्या वाचायला शिकवलं ते कनकाने. ती बाई शाळेत दोन इयत्ता गेलेली, सही करायची तर जीभ बाहेर काढून करायची. पण दुपारी जेवायला आला की तो तिच्यासमोर कागद वाचायचा.

"थांब," एकदा ती म्हणाली. "हे कोण वारलं म्हणालास?"

"तिसऱ्या गल्लीतले शिंपी, अम्मा."

"मग पुढची लॉरीची बातमी एवढ्या घाईने कशाला? त्यांच्या घरी लोक बसलेत. नाव घे. एक श्वास थांब. मग सांग तुझी लॉरी."

त्या दिवसापासून वादिराज मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की थांबायचा. पाहणाऱ्यांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलेलं असायचं, त्यांना ते बरोबर कळायचं. चार लोक घरी येऊन कनकाचे हात धरून गेले. ती मात्र वर तोंड करून म्हणाली, "त्यात काय! दिवसभर प्रूफांवर बोट ठेवून वाचणाऱ्याला शिकवावंच लागतं."

तिला त्याचा किती अभिमान होता, काय सांगू? सात वाजायच्या आधी ती माझी काच पुसायची. त्याचा चेहरा आला की त्याच्या गालावर, म्हणजे माझ्या काचेवर, काजळाचा ठिपका लावायची. इतक्या लोकांची नजर एका लेकरावर, काही झालं म्हणजे? कृष्णवेणी हसायची. "अत्तै, नजर लागली तर टीव्हीला लागेल, तुमच्या मुलाला नाही." कनका म्हणायची, "टीव्ही काय नि मुलगा काय, मला दोन्ही एकच." मला तेव्हा फार बरं वाटलं. मित्रांनो, मला तेव्हा बरं वाटायला नको होतं.

सन दोन हजार पाचच्या पावसात वेलचेरी बुडाली. आमचं घर बैठं आणि गल्ली खोलगट. पहाटे वीज गेली. नऊ वाजता उंबऱ्यावरून पाणी आत आलं. कृष्णवेणी भव्याला घेऊन गल्लीच्या टोकाला वेंकटरमण नावाच्या शेजाऱ्यांच्या माडीवर गेली. कनका गेली नाही. माझ्या स्टुलाला धरून उभी राहिली.

वादिराज वाहिनीच्या खोलीवरून पाणी तुडवत आला. शर्ट छातीपर्यंत भिजलेला.

"चल अम्मा, पाठीवर बस."

"आणि हा?" तिने माझ्यावर हात ठेवला.

"राहू दे गं. पाणी ओसरलं की बघू."

"ओसरेपर्यंत ह्याच्यात काय उरणार? तुझ्या बापाने आणलाय. ह्याच्यात तू दिसतोस."

वादिराज हसला. "अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे की!"

"समोर आहेस तो माझ्या एकटीचा. ह्यातला सगळ्या गावाचा. आधी हा वर ने, नाहीतर मी इथून हलत नाही."

"आधी तू. मग ह्याला आणतो. देवाशपथ."

शपथ घेतली तेव्हा कुठे बाई त्याच्या पाठीवर बसली. तिला पोचवून तो परत आला. तोपर्यंत पाणी माझ्या स्टुलाला लागलं होतं. त्याने माझ्या तारा काढल्या, मला चादरीत बांधलं आणि डोक्यावर घेतलं. मी अठ्ठावीस किलोंचा. त्याची मान थरथरत होती, ते मला कळत होतं. गटारं, संडास, मेलेल्या घुशी, सगळं त्या पाण्यातून वाहत होतं. गल्लीच्या मध्यावर पाण्याखाली त्याच्या पायात काहीतरी घुसलं. तो जागीच थबकला. मी एका बाजूला कललो. दोन्ही हात सोडून त्याने पाय बघायला हवा होता. मला टाकून द्यायला हवं होतं. त्याने मला सरळ केलं आणि चालत राहिला.

माडीवर कनकाने आधी मला पुसलं. नंतर त्याच्या पायाला हळद लावली.

तो त्याच संध्याकाळी परत कामावर गेला. कोणत्या शाळेत जेवण मिळतं, कोणत्या गल्लीत होडी येणार, हे सांगणारा तो एकटाच होता. तिसऱ्या दिवशी वीज आली आणि वेंकटरमणांच्या माडीवर त्यांनी मला लावलं. वादिराजचे डोळे लाल होते. आवाज फाटला होता. कनका काचेला तोंड लावून ओरडली, "पाणी पी! पाणी पी म्हणते ना!" त्याला ते ऐकू कसं जाणार? माझ्यातून एकाच बाजूचं ऐकू येतं.

आठव्या दिवशी ताप चढला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, एलि काय्चल, म्हणजे उंदरांचा ताप. घाण पाणी जखमेतून आत गेलं की होतो. मूत्रपिंडं बंद पडली. पाच दिवसांत वादिराज गेला. चौतीस वर्षांचा होता.

त्या संध्याकाळी सात वाजता एक नवी मुलगी बातम्या वाचायला बसली. बिचारी घाबरलेली. तिने वादिराजचं नाव वाचलं आणि त्याच दमात उद्याच्या वीजकपातीची वेळ वाचली.

"थांब ना गं बाई," कनका हळूच म्हणाली. "एवढी घाई कसली?"

तेराव्यानंतर वेंकटरमण वाहिनीत गेले आणि त्याची एखादी कॅसेट मागितली. कॅसेटच नव्हती. ती माणसं गरीब. एकाच कॅसेटवर रोजच्या बातम्या घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी त्यावरच नव्या. पाच वर्षं रोज बोललेल्या माणसाचा एक शब्द कुठे उरला नाही. माझ्याकडेही नाही. मी दाखवणारा, ठेवणारा नव्हे.

पुढे चार वर्षं मी घरी परत येऊन कोपऱ्यात चादरीखाली बसून होतो. कनकाने मला लावलं नाही आणि कोणाला हात लावू दिला नाही. घरात कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. मग एका दुपारी आठ वर्षांच्या भव्याने चादर ओढली.

"आजी, माझे अप्पा ह्यातच यायचे ना? लाव ना. मला बघायचेत."

कनका खाली बसली आणि मुलीला जवळ घेतलं.

"ह्यात कोणी नव्हतं गं. तो माझ्यासमोर उभा होता. भिजलेला. मी त्याला ह्या डबड्यासाठी परत पाण्यात पाठवला."

एवढ्या वर्षांत तिने मला डबडं कधी म्हटलं नव्हतं. मला राग आला नाही. खरंच सांगतो. दुसऱ्या दिवशी तिने भंगारवाल्याला बोलावलं आणि घासाघीस न करता मला दिलं. आता मी उघड्यावर पडलो आहे. काच फुटली आहे.

मित्रांनो, जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुनी सायकल, सगळे तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी उलट सांगतो. पाणी दारात आलं की घरातली माणसं मोजा आणि निघा. आमच्यासाठी मागे वळू नका. म्हातारी माणसं हट्ट करतील, शपथा घालतील. त्यांची शपथ मोडा. आई आहे म्हणून ऐकू नका. टीव्ही दुकानात मिळतो.