अर्धं वचन

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय." वाचकहो, जगात याच्याइतकं स्वस्त आणि याच्याइतकं महाग वाक्य दुसरं नसेल. मनापासून म्हणणाऱ्याला ते महाग पडतं, कारण प्रार्थना करून उठल्यावर त्याला काहीतरी करावं लागतं. आणि नुसतं म्हणणाऱ्याला? त्याचं काय जातं! जागचं हलायला नको आणि वर समोरचा माणूस आभार मानतो.

आशय रणभिसे हे वाक्य येता-जाता म्हणत असे. बडोद्याच्या फतेगंजात राहणारा, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर असलेला हा सज्जन माणूस. हो, सज्जनच! व्यसन नाही, आरडाओरडा नाही, रविवारची चर्चमधली उपासना कधी चुकायची नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो मोबाइल उघडायचा आणि शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन निवडून सगळ्या ओळखीच्यांना पाठवायचा. मागे गुलाबाची फुलं, नाहीतर उगवता सूर्य, वर ठळक अक्षरांत 'आजचं वचन'. मंडळीतले लोक 'आमेन' लिहायचे, कारखान्यातले हात जोडायचे, आणि आशयला वाटायचं, चला, आजच्या दिवसाचं धर्मकार्य झालं.

मग तो अपघात झाला.

कारखान्यात पत्र्याचे भाग दाबून काढणारी पॉवर प्रेस होती. तिच्यापुढे हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असे. जाळी असली की काम सावकाश होतं. त्या दिवशी माल निघायची घाई होती. मॅनेजर उदयसिंहराव शेडमध्ये आले आणि म्हणाले, "आजच्या दिवस ती जाळी काढा रे. चालशे!" बडोद्यात हा 'चालशे' म्हणजे मोठा जादूचा शब्द. नियम असो नाहीतर रस्त्यातला खड्डा, 'चालशे' म्हटलं की सगळं चालतं. शिफ्टचा सुपरवायझर देवेश म्हणाला, "साहेब, नको." साहेबांनी आशयकडे पाहिलं. आशयने पान्हा घेतला आणि जाळी काढली. स्वतःच्या हाताने.

दुपारी माधव नावाच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलच्या बाहेर देवेश डोकं धरून बसला होता. देवेश दांडिया बाजारातला, आशयचा कॉलेजपासूनचा मित्र. "शिफ्ट माझी होती," तो म्हणाला, "सगळं माझ्यावर येणार बघ. घरी अस्मिताला काय सांगू?" आशयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. जे घडलं ते मी चौकशीत सांगीन. वचन देतो तुला."

बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते. त्या क्षणी तो अगदी खरा होता.

चौकशी शुक्रवारी ठरली. मुख्य ऑफिसातून एक बाई येणार होत्या. बुधवारी उदयसिंहरावांनी आशयला केबिनमध्ये बोलावलं, समोर बसवलं, चहा मागवला.

"आशयभाई, तुम्ही शांत माणसं," ते गोड आवाजात म्हणाले. "कुणाच्या भांडणात न पडणारी. मला हेच आवडतं तुमच्यात. चौकशीत फक्त एवढंच म्हणा, नीट आठवत नाही. खोटं बोलायला थोडंच सांगतोय मी? आणि बघा, जाळी काढली कुणी, हा प्रश्न निघाला तर तो तुमच्यापर्यंतही येतो. कशाला? नव्या शेडला इन्चार्ज लागणार आहे, मी तुमचंच नाव सुचवलंय."

आशयने चहा संपवला. "बघतो साहेब. प्रार्थना करतो."

ऐकलंत? तिथेही प्रार्थनाच!

गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे वचन गेलं. मागे समुद्र, वर अक्षरं, परमेश्वर आपल्या वचनाला जागतो. सगळ्यांचे 'आमेन' आले. त्यात एक उत्तर देवेशच्या बायकोचं, अस्मिताचं होतं. 'आशयदादा, परमेश्वराचं माहीत आहे. तुमचं काय?'

 आशयने फोन पालथा ठेवला, पण दिवसभर तो प्रश्न त्याच्या मागे हिंडत होता.

संध्याकाळी घरी सगळे प्रार्थनेला बसले. घरात आशय, शाळेत शिकवणारी त्याची बायको दीप्ती, आणि दीप्तीची मोहनामावशी. मावशी मूळच्या नगरच्या. आयुष्य नर्सिंगमध्ये गेलेलं, त्यामुळे सुई टोचताना आणि खरं बोलताना त्यांचा हात कधी थरथरायचा नाही.

आशयने शास्त्र उघडलं. पानं चाळत तो एका जागी थांबला, खरं तर ती जागा त्याने कारखान्यातच शोधून ठेवली होती. "आजचं वचन," तो म्हणाला, "मौन धरण्याचा समय असतो." आणि त्याने शास्त्र मिटलं. "मावशी, मी खूप विचार केला. देव मला हेच सांगतोय. उद्या मी गप्प राहणार आहे. कुणाची बाजू घ्यायची नाही. आपण शांतीची माणसं."

दीप्ती मान खाली घालून बसली. मावशींनी चष्मा लावला.

"उघड परत."

"काय?"

"पान उघड रे. तेच. आणि त्याच ओळीतलं पुढचं वाच."

आशयचा हात मिटलेल्या शास्त्रावरच राहिला.

"मग मी सांगते. पाठ आहे मला. मौन धरण्याचा समय, आणि बोलण्याचा समय! एकाच ओळीत आहे. तू अर्धं वाचलंस आणि अर्धं गिळलंस. अरे, डॉक्टरांनी लिहिलेलं अर्धंच औषध मी दिलं असतं तर किती पेशंट मारले असते, ठाऊक आहे?"

"मावशी, तुम्हाला कारखान्यातलं कळत नाही. साहेबांविरुद्ध बोललो तर सगळं माझ्यावर शेकेल."

"तुझ्यावर का शेकेल? जाळी काढायला सांगितली साहेबांनी, तूच म्हणालास."

"हो, सांगितली साहेबांनी..."

"काढली कुणी?"

 घरातसुद्धा आशयने अर्धंच सांगितलं होतं! दीप्तीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"मी," तो शेवटी म्हणाला. "मीच काढली. देवेश नको म्हणत होता, तरी काढली."

मावशींनी चष्मा काढून ठेवला. बोलल्या तेव्हा आवाज मऊ झाला होता.

"हं. म्हणजे तुला शांती नको होती, लपायला जागा हवी होती. भीती कुणाला वाटत नाही रे? मलाही वाटते. पण भित्रेपणाला भित्रेपणा म्हणावं, त्याला देवाच्या नावाची इस्त्री करून मिरवू नये. आपल्या मराठीत किती सुंदर आहे बघ, शास्त्रात लिहिलेलं तेही वचन आणि माणसाने माणसाला दिलेलं तेही वचन. शब्द एकच. तू एक रोज पाठवतोस आणि दुसरं मोडायला निघालास. असं चालतं होय? ज्याला दिलेला शब्द पाळता येत नाही, त्याने देवाचा शब्द कशाला वाटत फिरावं?"

"नोकरी गेली तर?"

"तर मी आहे, दीप्ती आहे, दोन वेळचा वरणभात आहे. देवेशच्या घरीही कुणीतरी आज हेच विचारत असेल, नाही का?"

त्या संध्याकाळी प्रार्थना आशयने केली नाही. दीप्तीने केली. तीसुद्धा लांबलचक नव्हती. "देवबापा, आम्हाला पूर्ण वाचायला शिकव," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आशयने कुणाला काही पाठवलं नाही. 

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे मुख्य ऑफिसातल्या बाई, एका बाजूला उदयसिंहराव, दुसऱ्या बाजूला देवेश. देवेशचा चेहरा उतरलेला. त्याने आशयकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आशा सोडली होती.

"रणभिसे, अपघाताच्या दिवशी तुम्ही शेडमध्ये होतात?"

"बघा मॅडम, तसं नीट..." सवय वाईट! जीभ आपोआप जुन्या वळणावर गेली. उदयसिंहराव हळूच हसले.  आशय मनात म्हणाला, देवबापा, भीती वाटतेय, तेवढं सांभाळ. आणि ताठ बसला.

"हो. होतो. प्रेसची जाळी काढायला मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. देवेशने स्पष्ट नको म्हटलं. तरी ती काढली गेली. आणि काढणारा मी होतो."

 देवेशने एकदम मान वर केली.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही स्वतःविरुद्ध बोलताय?" बाईंनी विचारलं.

"कळतंय मॅडम. पण घडलं ते असंच."

"खोटं आहे!" उदयसिंहराव उसळले. तेवढ्यात दाराशी थांबलेल्या ऑपरेटरांपैकी दोघं आत आले. त्यांची पाळी यायची होती, पण ते थांबले नाहीत. "साचुं बोले छे, मॅडम, खरंच बोलतोय तो. आम्हीपण ऐकलंय. आम्ही घाबरून गप्प होतो." पहा वाचकहो, गप्प बसणं जसं पसरतं, तसं खरं बोलणंही पसरतं! कुणीतरी पहिला लागतो, एवढंच.

त्याच संध्याकाळी निकाल लागला. देवेशची नोकरी राहिली, त्याच्यावर ठपका आला नाही. उदयसिंहरावांना शेडवरून हटवलं. आशयला लेखी ताकीद मिळाली आणि इन्चार्जची जागा अर्थातच दुसऱ्याकडे गेली. व्हायचं ते रास्तच झालं, असं तो स्वतःच म्हणाला. गेटबाहेर देवेशने त्याला घट्ट मिठी मारली.

"एक कबूल करू?" देवेश म्हणाला. "तुझं ते रोजचं वचन मी कधी वाचलं नाही रे. आजचं मात्र वाचलं."

"आज मी पाठवलंच नाही!"

"म्हणून तर!" आणि दोघंही रडता रडता हसले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. पण पूर्ण वाचायचं ठरलं होतं ना!

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकर आणि पेला घेण्याआधी पाळकसाहेब थांबले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का? असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग इथे या." हे आशयने लहानपणापासून ऐकलं होतं. सगळेच ऐकतात, डोळे मिटतात आणि रांगेत उभे राहतात. आशयही उभा राहिला. आणि त्याच्या डोळ्यांपुढे माधव आला.

देवेशला दिलेला शब्द पाळला. चौकशीत खरं सांगितलं. पण ज्याची बोटं गेली, त्याला? त्याला तोंड दाखवलं होतं का?

आशय रांगेतून बाहेर पडला. लोक वळून बघायला लागले. मावशींनी पाहिलं आणि शेजारच्या दीप्तीच्या हातावर हात ठेवला. "जाऊ दे त्याला," त्या पुटपुटल्या, "योग्य ठिकाणी चाललाय."

माधवचं घर मकरपुऱ्याच्या मागच्या वस्तीत. दार त्यानेच उघडलं. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, गळ्याशी बांधलेला. पाहुण्याला बघून त्याचा चेहरा कठोर झाला.

"माधव, मी माझ्याविषयी सांगायला आलोय," आशय उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "जाळी मी काढली होती. नाही म्हणू शकलो असतो, म्हटलं नाही. तुझी बोटं मला परत देता येणार नाहीत. भरपाईच्या कामात, ऑफिसात, हॉस्पिटलात, जिथे जायचं तिथे मी तुझ्याबरोबर येईन. माफ कर, असं म्हणायचीही लाज वाटते. तरी म्हणतो."

 माधवच्या डोळ्यांत राग होता, आणि तो राग खरा होता. त्याला तो हक्कच होता.

"कारखान्यातून सगळे येऊन गेले," तो म्हणाला. "फळं दिली. देव बरं करील म्हणाले. कुणी 'मी केलं' असं म्हणालं नाही." तो थांबला. "राग गेला नाही माझा, आशयभाई. लगेच जाणारही नाही."

"नको जाऊ दे. मी येत राहीन."

माधवने एक पाऊल मागे घेऊन वाट दिली. मग त्याने डावा हात पुढे केला.

"उजवा अजून दुखतो," तो म्हणाला. "आत या."

आशयने तो हात दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

वाचकहो, धर्म कोणताही असो, पोथी कोणतीही असो, आपण सगळेच आपल्या सोयीचं तेवढं वाचतो आणि गैरसोयीच्या ओळीपाशी पान उलटतो. श्रद्धेची खरी कसोटी देवळात किंवा चर्चमध्ये लागत नाही. ज्याचं आपल्या हातून नुकसान झालं, त्याच्या दारात उभं राहायची वेळ येते तेव्हा ती लागते. देव अशा दारांतूनच भेटतो. तुमच्याही ओळखीचं असं एखादं दार असेल. आजच जा!