अकरा ते तीनचा पहारा

मित्रांनो, मी एक जुनी ऑक्सिजनची पेटी आहे. पेटी हे या घरातले नाव. दवाखान्यात मला मशीन म्हणत. उंची गुडघ्याच्या थोडी वर, खाली चार चाके, त्यातले एक कायमचे रुसलेले. मी खोलीतली हवा पाठीमागून ओढून घेते, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढते आणि बारीक नळीतून माणसाच्या नाकापर्यंत पोहोचवते. एवढेच माझे काम. पण त्यासाठी मला वीज लागते आणि ती चांगली भरपूर लागते. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ या विजेपायीच झाला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात पंप बसवला, दुसरीने स्क्रू आवळले आणि तिसरीने डोळे मिटून, कान लावून माझी घरघर ऐकली. तिने मान डोलावली तेव्हा मी बाहेर पडले. पुढची काही वर्षे मी दवाखान्यात काढली. तिथे माझे काय कौतुक! परिचारिका जाता-येता माझ्या डोक्यावर थाप मारायच्या. मग एके दिवशी भिंतींमधून ऑक्सिजनचे पाइप आले आणि मला पुसायच्या बादल्यांशेजारी, अडगळीच्या खोलीत उभे केले गेले. तिथून एका दुरुस्तीवाल्याने मला नेले, धुतले-पुसले आणि किल्लीवाल्या काकांच्या घरी आणून सोडले.

काकांनी चाळीस वर्षे किल्ल्या बनवल्या होत्या. कानस घासून घासून पितळेचा आणि लोखंडाचा बारीक भुगा त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. त्यात संशयी स्वभाव. चाळीस वर्षे ज्याने फक्त कुलपांचाच विचार केला, त्याला प्रत्येक माणूस दार उघडायला टपलेला दिसणारच. मला पाहताच त्यांनी माझ्या पाठीचे स्क्रू मोजले.

"एक कमी आहे," ते दुरुस्तीवाल्याला म्हणाले.

"काका, तिथं स्क्रू नसतोच. हवेचं भोक आहे ते."

"असेल. आणि आधीचा पेशंट कशानं गेला?"

"तो बरा होऊन घरी गेला हो!"

"असं तुम्ही सांगताय," काका म्हणाले.

घर तळमजल्यावर होते, दोन खोल्यांचे. बाहेर अरुंद बोळ आणि बोळाच्या भिंतीवर ओळीने शेजाऱ्यांचे मीटर. घरात काका आणि त्यांची मुलगी, दोघेच. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करायची. वय चाळिशीच्या पुढे, पण काका तिला अजून माऊ म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज सोळा तास ही नळी नाकात हवी, नाहीतर छातीपाठोपाठ हृदयही थकेल. माऊने ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवले होते.

रात्री मी चालायचे. माऊ त्याच खोलीत झोपायची आणि माझी घरघर थांबली की तिला जाग यायची. पण सकाळी तिची पावले बोळाबाहेर गेली की काका माझे बटण बंद करायचे. तेवढ्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. ही बंद असतानाही चोरून वीज पिते, असे त्यांना वाटायचे. म्हणून ते वाकून, धापा टाकत, माझा प्लगही उपसून ठेवायचे. मग दिवसभर खिडकीपाशी बसायचे, ओठ निळसर, हात मांडीवर. न्हाणीघरापर्यंत जायचे तर भिंतीला दोनदा टेकायचे. संध्याकाळी माऊ यायच्या वेळेला मला पुन्हा सुरू करायचे आणि नळी अडकवून शहाण्यासारखे बसून राहायचे. दिवसाचे तास भरले असे समजून माऊ मग मला झोपेपर्यंत बंद ठेवायची.

"बरं वाटतंय ना बाबा?"

"झकास."

मी सगळे पाहत होते. पण मला घरघरीपलीकडे बोलता येत नाही. माझ्या पाठीवरच्या जाळीत धूळ साचत गेली.

अशात वीज कंपनीचे पत्र आले. माऊने ते उभ्याउभ्याच मोठ्याने वाचले. रोज दुपारी अकरा ते तीन घरात कितीही वीज वापरा, ती फुकट. उन्हावरची वीज जास्त झाली आहे, म्हणून. फक्त एक सही करायची आणि नवा मीटर बसवून घ्यायचा.

"बाबा, चार तास! रोज!"

काकांनी पत्र हातात घेतले, उलटे केले, उजेडात धरले. "फुकट?" ते म्हणाले. "माझ्या दुकानात... फुकट किल्ली मागायला... जो कुणी आला ना... तो दुसऱ्याच्या घराची मागायचा." एवढे बोलायला त्यांना चार वेळा थांबावे लागले.

चार दिवसांनी, माऊ घरी असताना, कंपनीची एक बाई स्वतःच आली. उन्हाने रापलेली, गळ्यात ओळखपत्र, बगलेत फायलींचा गठ्ठा. काकांनी तिला दारातच उभे केले आणि ओळखपत्रावरचा फोटो तिच्या चेहऱ्याशी दोनदा ताडून पाहिला.

"फोटोत केस लांब आहेत."

"कापले, काका."

"हं. आता सांगा, यात गोम काय आहे?"

तिने समजावले. दुपारी ऊन कडक असते, छपरांवर आणि माळावर बसवलेली सौर पॅनेल ढीगभर वीज बनवतात, पण तेव्हा माणसे कामावर असतात आणि घरे रिकामी. एवढी वीज साठवायला जागा नाही. कधी कधी तर चांगली चालणारी पॅनेल बंद ठेवावी लागतात.

"म्हणजे उरलंसुरलं आमच्या गळ्यात मारताय."

ती हसली. "हो, तसंच म्हणा."

"आणि संध्याकाळी?"

तिने गठ्ठा दुसऱ्या बगलेत घेतला. "संध्याकाळी सहा ते नऊ दर थोडा वाढेल. पत्रात मागच्या बाजूला लिहिलंय."

"बारीक अक्षरात!" काकांनी मांडीवर थाप मारली. "बघ माऊ, निघाली की नाही गोम?"

सही झाली नाही. बाई कागद ठेवून गेली. खरे सांगते मित्रांनो, तेव्हा मलाही काकांचेच पटले होते. माझ्या आत जाणारी वीज कुणी फुकट देईल, हे ज्या घरात रोज माझाच प्लग उपसला जातो तिथे कसे खरे वाटावे?

पुढच्याच आठवड्यात दुरुस्तीवाला माझी सफाई करायला आला. त्या दिवशी माऊ अर्धी सुट्टी काढून घरी होती. त्याने माझी पाठ वळवली, धुळीने भरलेला स्पंज काढला आणि तिथेच थांबला. माझ्या पाठीवर एक नखाएवढी काच आहे. मी आजवर किती तास चालले, त्याचे आकडे त्यात दिसतात. त्याने खिशातली वही काढली आणि आकडे पुन्हा पाहिले.

"ताई, हे मशीन मधे बंद पडलं होतं का?"

"नाही. का हो?"

"मागच्या वेळचा आकडा माझ्याकडे आहे. दोनशे दिवस झाले. रोज सोळा तास म्हणजे तीन हजारांच्या वर जायला हवं. इथं जेमतेम सोळाशे."

माऊने कपाटावरच्या कागदाकडे पाहिले.

"आकडा बिघडला असेल," काका खिडकीकडे बघत म्हणाले. "जुनं मशीन आहे."

मला असा राग आला! आयुष्यात मी पुष्कळ काही चुकले असेन, पण तास कधी चुकले नव्हते.

दुरुस्तीवाला गेला. माऊ काकांच्या समोर खाटेवर बसली.

"मी दाराबाहेर पडले की बंद करता ना?"

काका खिडकीकडेच बघत राहिले.

"दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून मी काचा घासते, बाबा. आणि मला घरातलं दिसलं नाही."

"तसं नाही ग." काकांनी दम खाल्ला. "दर रविवारी जादा कामाला जातेस... बिलासाठी. मी इथं पडून... हिची घरघर ऐकतो. वाटतं, ही तुझा रविवार खातेय. मग वाटतं, ही कुठली? मीच खातोय."

 माऊ म्हणाली, "रविवार माझा आहे. तो कुणाला द्यायचा, ते मी ठरवीन." तिने उठून कंपनीच्या बाईने ठेवलेला कागद शोधला आणि पेनचे टोपण दाताने काढले. "बिल माझ्या नावावर आहे. सही मी करतेय."

"कर," काका म्हणाले. "पण मी बघत राहीन. चोरी पकडून दाखवतो की नाही बघ."

नवा मीटर बसला. त्यात दोन आकडे होते, एक फुकटच्या विजेचा आणि एक पैशाच्या विजेचा. अकरा ते तीन दुसरा आकडा जागचा हलणार नाही, असे कंपनीच्या बाईचे म्हणणे. काकांनी ठरवले की तो हलताना आपण स्वतः पाहायचा. आता चोर पकडायचा तर घरात काहीतरी दणदणीत वीज खाणारे चालू हवे. दिवा आणि पंख्यावर काय कळणार? घरात असा खादाड एकच होता, तो म्हणजे मी.

दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी लांब नळी मागवली. रोज पावणेअकराला ते स्टूल बोळाच्या दारात मांडायचे. मनगटावरचे घड्याळ आणि मोबाइलमधले घड्याळ दोन्ही जुळवायचे. अकराच्या ठोक्याला माझे बटण दाबायचे, नळी नाकात अडकवायची आणि मीटरसमोर बसायचे. दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा. शेजारी हसायचे. "काय काका, सापडला का चोर?" काका मान हलवायचे. "घाई नाही. सवय लागली की ते हात मारतील."

तीन वाजले की ते उठायचे आणि मला बंद करायचे. त्यापुढच्या तासांसाठी माऊने त्यांच्याशी भांडून पाहिले, पण व्यर्थ. तरी रात्रीचे मिळून रोज बारा तास मी चालू लागले होते. महिन्याभरात त्यांच्या ओठांचा निळा रंग उतरला. दोन महिन्यांनी ते नळी काढून, एकटे, बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आले. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि खूश झाले. काकांनी विचारले, "हा चिमटा बरोबर आहे कशावरून? दुसरा लावा." दुसराही तेच बोलला.

मग एका दुपारी, माझ्या घरघरीवर मात करून, काका ओरडले. "हलला!"

दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि पैशाच्या विजेचा आकडा पुढे सरकला होता. त्यांनी दोन्ही घड्याळे पाहिली. शेजारच्या शिंपीणबाईला बोलावून साक्षीला उभे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. माऊचा चेहरा उतरला.  आता सही मागे घेणार, दुपार पुन्हा पहिल्यासारखी होणार, असे माझ्या मनात आले.

चौथ्या दिवशी काकांच्या तक्रारीवरून कंपनीची बाई आली. माऊही सुट्टी घेऊन थांबली होती. बाईने मीटर उघडला, तिच्याकडच्या यंत्राला जोडला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"काका, मीटरमधलं घड्याळ वीस मिनिटं पुढं गेलंय. त्याच्या मते तेव्हा तीन वाजलेले असतात." ती चाचरत पुढे म्हणाली, "पण मग सकाळीही वीस मिनिटं आधी फुकट सुरू झालं असणार. हिशेब सारखाच."

"सारखा कसा?" काका स्टुलावरून उठले. "आधीची वीस मिनिटं फुकट आहेत, हे मला कुणी सांगितलं होतं? तेव्हा माझी पेटी बंद. नंतरची वीस मिनिटं फुकट नाहीत, हेही कुणी सांगितलं नाही. तेव्हा माझी पेटी चालू. दोन्हीकडून तोटा माझा. बोला!"

 बाईने बोळातले बाकीचे मीटर एकेक करून तपासले. सगळ्यांची घड्याळे तशीच होती. कुणाच्या लक्षातही आले नव्हते. तिने तिथल्या तिथे फोन केला, घड्याळे दुरुस्त करून घेतली आणि सगळ्यांच्या बिलातून तेवढी रक्कम वजा होईल, असे लिहून दिले. काकांनी कागद मागून-पुढून वाचला.

"मग आता मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा का?"

"नका ठेवू," ती फायली आवरत म्हणाली. "बघत राहा. तुम्ही बघत नसतात, तर मलाही कळलं नसतं."

हे उत्तर काकांना अपेक्षित नव्हते. त्यांनी तिला पाणी विचारले. या घरात पहिल्यांदाच कंपनीच्या माणसाला बसायला स्टूल मिळाले.

ती गेली तेव्हा तीनला पाच कमी होते. काका आत आले. तीन वाजले. त्यांचा हात माझ्या बटणावर आला आणि तिथेच राहिला. माऊ दारात उभी होती. 

"आता पैशाची सुरू झाली बरं का," काका म्हणाले.

"हो."

"पकडायला कुणी नाही यात."

"नाही."

"डॉक्टर सोळा म्हणाले होते ना?"

"सोळाच म्हणाले होते, बाबा."

काकांनी हात काढून घेतला. खाटेवर बसले, पाय वर घेतले, नळी कानामागे नीट सारली. "मग राहू दे चालू," ते म्हणाले. "आणि माऊ, हिचा तो मागचा स्पंज आणून दे. धुतो मी. किती दिवस झाले, हिला श्वास घ्यायला त्रास होत असेल."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची काळजी घ्यायला फार अक्कल लागत नाही. आठवड्यातून एकदा पाठीचा स्पंज धुवा, ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीतले पाणी बदला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. माणसांचे तेवढे सोपे नाही. तुमच्या घरात कुणी "झकास" म्हणाले तर त्याच्यावर जरूर प्रेम करा, पण लगेच विश्वास ठेवू नका. जवळ बसा, त्याचे ओठ बघा आणि माझ्या पाठीवरची ती नखाएवढी काचही वाचा. मी खोटे बोलत नाही.