बाबांची चाल

बाबा दार उघडं टाकून गेले. डोक्यातलं सगळं पुसट होत चाललं होतं त्यांच्या, घराचा पत्तासुद्धा. पोलिसांत कळवलं, गल्ल्या पालथ्या घातल्या. मग मी त्यांच्यासाठी वेबपेज करायला बसलो. मला दुसरं येतं काय.

मामा मागे उभे. "‘हरवले आहेत’ लाल कर. लुकलुकू दे. बाणबिण फिरव."

"मामा, सगळंच नाचायला लागलं तर बाबांकडे कोण बघणार?"

"मोठा शहाणा."

हे मी धंद्यात मार खाऊन शिकलोय. पानावर एकच गोष्ट हलवायची, जिच्याकडे बघायलाच हवं ती. बाबांचा चेहरा चारचौघांसारखा. त्यांची ओळख म्हणजे चाल. डावा पाय ओढत चालायचे. ताईच्या मोबाईलमध्ये चालतानाचा व्हिडिओ होता. त्यातला तुकडा काढून हलतं चित्र केलं. पटकन उघडावं म्हणून मधल्या बऱ्याच फ्रेम्स उडवल्या.

आईला दाखवलं.

"हे कोण?"

"आई, बाबा!"

"छे. हे तर सरळ चालतायत."

खरंच की. पाय ओढला जायचा त्या नेमक्या फ्रेम्स मी फेकल्या होत्या. सगळ्या परत घातल्या. बाकी पान गप्प. खाली फोन नंबर, मधोमध बाबा. टोकापर्यंत जातायत, की पुन्हा पहिल्यापासून.

ताईनं ते दिसेल त्याला पाठवलं. दुपारी फोन आला.

"कालव्याच्या फाटकावरून बोलतोय. चेहरा नाही आठवत, पण ही चाल पाहिलीय मी. काल. काठाकाठानं गेले. मला वाटलं, फिरायला आलेत."

तिथेच पाण्यात सापडले. फाटकाच्या जाळीला अडकलेले. डाव्या पायात चप्पल नव्हती.

सगळं आटपून घरी आलो तर कॉम्प्युटर चालूच. बाबा चालतच होते. आई समोर जाऊन बसली.

मामा म्हणाले, "बंद कर रे ते."

"बंद नको," आई म्हणाली. "थांबव फक्त. दमले असतील."

एकदाच चालून थांबेल असं केलं. थांबलं, तर पाऊल अर्धवट राहिलेलं. आईनं नाही म्हणून मान हलवली. मग मी एकेक फ्रेम मागे सरकवत गेलो.

दोन्ही पाय जमिनीवर आले.

"हं," आई म्हणाली. "इथे."