तेवीस ग्रँड स्लॅम, एकोणसत्तर माणसं

माझ्या सासऱ्यांना अमेरिकन बेसबॉलचं वेड होतं म्हटलं की लोक हसतात. हसू देत, मीही हसायचे. चिपळूणजवळच्या खेड्यात जन्म, बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये घाम गाळलेला, आणि म्हातारपणी सिंगापूरला यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी सातला टॅबलेट लावून बसायचे. तिकडे तेव्हा संध्याकाळची मॅच असते ना! मी डबा, चहा, लॅपटॉप करत पाया लेबारला ऑफिसला पळायच्या घाईत, आणि हे मधेच हाक मारणार, "योगिनी, अगं बघ बघ, तिन्ही बेस भरलेत!"

"बाबा, माझी एमआरटी ट्रेन भरून जाईल, त्याचं बघा आधी."

माझा स्वभाव तापट आहे, मी काही लपवत नाही. पण बाबांना माझ्या बोलण्याचा राग कधी आला नाही.

ग्रँड स्लॅम म्हणजे काय ते त्यांनी मला निदान पन्नासदा सांगितलं असेल. तीन बेसवर आपली तीन माणसं उभी असताना फलंदाजाने चेंडू थेट मैदानाबाहेर मारला की चौघंही फेरी पूर्ण करतात. एका फटक्यात चार धावा. "लू गेरिगने कारकिर्दीत असे तेवीस मारले. पंचाहत्तर वर्षं तो विक्रम टिकला. मग रॉड्रिगेझने मोडला, पंचवीसपर्यंत नेला. ठीक आहे. पण बेसवर ती तीन माणसं नसती, तर कसला ग्रँड स्लॅम? ती कोण होती, कुणी विचारतं?"

"म्हणजे पुरणपोळ्या मी लाटायच्या आणि पाहुण्यांनी 'वा प्रबोध' म्हणायचं, तसंच की!"

"अगदी तस्सं!" मांडीवर थाप मारून म्हणाले.

प्रबोध माझा नवरा. तोही जहाजावर चीफ इंजिनियर, वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर. त्यामुळे घरात मी आणि बाबा. आणि बाबांचं ते काम. गेरिगच्या तेवीसही ग्रँड स्लॅमच्या वेळी बेसवर कोण कोण होतं, ती एकोणसत्तर नावं शोधायची. चार वर्षं चाललं होतं. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं मागवायचे, तिकडच्या लायब्ररींना ईमेल करायचे, मिळेल ते पेन्सिलीने रफ वहीत लिहायचे. खात्री झाली की शाईने हिरव्या रजिस्टरमध्ये फेअर. जहाजावरची सवय. आणि फेअर झालं की रफ वही स्वतःच्या हाताने, कचरा मजल्यावरून थेट खाली नेणाऱ्या शूटमध्ये टाकायचे. "रफ मागे ठेवायची नाही. दोन प्रती राहिल्या की पुढे भांडणं."

मार्चमध्ये ते बाथरूममध्ये पडले. हॉस्पिटलमध्ये नेलं तर कळलं, पडण्याचं निमित्त, खरं दुखणं हृदयाचं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. घरी आणायचं तर मोठी खाट लागणार होती, म्हणून रविवारी मी त्यांची खोली आवरायला घेतली. टेबलावर हिरवं रजिस्टर नीट बंद करून ठेवलेलं, आणि खाली दोरीने बांधलेल्या तीन रफ वह्या. मला वाटलं, झालं वाटतं फेअर. बाबांना वाकवत नसेल म्हणून टाकायच्या राहिल्या असतील. उचलल्या आणि दिल्या शूटमध्ये. रजिस्टर उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. नाही बघितलं मी.

सोमवारी बाबा म्हणाले, "त्या दोरीतल्या वह्या आण गं. बारापर्यंतच फेअर झालंय. अकरा राहिलेत. हात थरथरतो माझा. मी सांगतो, तू लिही. एवढं झालं की मी मोकळा."

मी हॉस्पिटलमधून तशीच घरी पळाले. खाली सफाईवाल्या अंकलना विचारलं, तर ते इथल्या ढंगात म्हणाले, सकाळीच कचऱ्याची लॉरी गेली लाह.

मी सांगायला हवं होतं. बाबा, चूक झाली, वह्या गेल्या. दोन वाक्यं. एरवी माझं तोंड केवढं चालतं! पण दुसऱ्या दिवशी त्या नाकातल्या नळ्या बघितल्या आणि मी म्हटलं, "वह्या कशाला वाहून आणायच्या? मीच घरी फेअर करून आणते." एवढे खूश झाले की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दोन दिवस रजा टाकली. इंटरनेटवर मिळेल तिथून शोधलं. अकरा ग्रँड स्लॅम, तेहतीस नावं. एकोणतीस सापडली. चार काही केल्या सापडेनात. इंजिनरूममध्ये मीटर न बघता आकडा भरणं, बाबांच्या लेखी त्याहून मोठं पाप नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी भरला. त्या दिवशी त्या संघातून खेळलेल्यांपैकी चार नावं उचलली, त्या चार जागी घातली, आणि शाईने लिहून मोकळी झाले.

बाबांनी रजिस्टर छातीवर ठेवून वाचलं. एकेका नावावर बोट. एकोणिसाव्या ग्रँड स्लॅमशी बोट थांबलं.

"दुसऱ्या बेसवर... हे नाव वहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दम लागलाय.

"बरं," म्हणाले. पुढची पानं वाचली, पेन मागितलं, आणि शेवटच्या पानावर पूर्ण सही केली. रघुवीर, हुद्दा, तारीख. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "दमलीस गं तू."

अकरा दिवसांनी बाबा गेले. प्रबोधचं जहाज पॅसिफिकच्या मधोमध होतं. मंडाईच्या स्मशानात अग्नी मी दिला. प्रबोध पोचला सहाव्या दिवशी. खूप रडला, मग सोफ्यावर रजिस्टर घेऊन बसला. मी चहा टाकला होता.

"अगं, ही चार नावं बाबांना सापडली कधी?"

"कुठली चार?"

"ही एकोणिसाव्यातली, आणि या पुढच्या तीन पानांवरची. फेब्रुवारीत फोनवर एकेक जागा सांगून मला म्हणाले होते, या चार जागी काही मिळत नाही, मी रफमध्ये कोऱ्या सोडल्यात. फेअरमध्येही कोऱ्याच ठेवणार. माहीत नाही तिथे लिहायचं नाही." त्याने शेवटचं पान उलटलं, सहीवर अंगठा फिरवला. "आणि सही आहे म्हणजे सापडलीच असणार. खोट्या नोंदींच्या लॉगबुकवर सही करायला लावत होते म्हणून बाबा एकदा नोकरी सोडून जहाजावरून उतरले होते."

मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. वहीत काही नव्हतंच. तिथे कोरी जागा होती. आणि बाबांनी मला विचारलं होतं.

"प्रबोध, ती नावं माझी आहेत. वह्या मी टाकून दिल्या. नावं मी मनाने घातली."

त्याने रजिस्टर मिटलं. "आणि बाबांना हे कळलं नाही?"

"कळलं."

"मग सही का केली त्यांनी?"

"मी हो म्हटलं म्हणून," मी म्हटलं, आणि तिथेच ओट्याशी फरशीवर बसले.